शनिवार लेलंडचा, रविवार ड्वेनचा

लेलंड कुबियाकचं इंजिन अजून जगात कुठेच नव्हतं, पण त्याने ते मनात इतक्या वेळा जोडलं होतं की डोळे मिटले तरी त्याला प्रत्येक बोल्टची जागा दिसायची. दारातला बर्फ फावड्याने ओढताना तो ब्लॉक उलटा करून क्रँक बसवायचा. चर्चमध्ये पाद्रीबुवांचं प्रवचन रंगात आलं की याचे पिस्टन एकेक करून सिलिंडरमध्ये उतरायचे, तेल लावलेले, गुळगुळीत, जराही आवाज न करता. मागच्या बाकावरच्या बायकांना वाटायचं, घटस्फोटानंतर बिचारा किती देवाच्या नादी लागलाय.

बेत मोठा होता. क्रँक म्हणजे पिस्टन वरखाली नाचवणारा वाकडातिकडा दांडा; त्याची कोपरं जरा लांब केली की पिस्टन जास्त खोल जातो आणि इंजिन एकेका श्वासात जास्त हवा ओढतं. अशा इंजिनाला आमच्याकडे स्ट्रोकर म्हणतात. लेलंडचं तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्याला वर सुपरचार्जरही हवा होता, म्हणजे पट्ट्यावर फिरणारं एक धूड, जे इंजिनाच्या तोंडात हवा कोंबतं, जेवायला नको म्हणणाऱ्या पोराला आई घास कोंबते तसं. एवढी ताकद लेलंडला कशासाठी हवी होती? किराणा आणायला पिकअप होती. शर्यतीचं वय निघून गेलं होतं. पण आमच्या बे सिटीत हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही, आणि ते बरंच आहे.

गाडी मात्र खरी होती. सत्तर सालची शेव्हेल, गडद हिरवी, बाबांनी कोरी घेतलेली. तिच्या मागच्या सीटवर लेलंड आणि ड्वेन हे दोघे भाऊ मारामाऱ्या करत वाढले. बाबा गेले तेव्हा घर विकलं, भांडी वाटली, माशांचे गळसुद्धा वाटले. गाडी कशी वाटणार? मग त्यांनी वार वाटून घेतले. शनिवार लेलंडचा, रविवार ड्वेनचा, आणि गाडीला पाना लावायचा झाला तर दोघांचा होकार हवा. बाकीचे दिवस ती लेलंडच्या गॅरेजमध्ये चादर पांघरून उभी असायची. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ पडलं की पत्रा गंजेल म्हणून ती बाहेर निघतच नसे. वसंतातल्या पावसाने रस्ते धुऊन निघेपर्यंत वाट बघायची, हा आमच्याकडचा अलिखित कायदा आहे. मिठाच्या रस्त्यावर अशी गाडी काढणाऱ्याशी इथे कोणी धड बोलत नाही.

म्हणून हिवाळा बेत करण्याचा. संध्याकाळी ड्वेन यायचा, बुटांवरचा बर्फ झटकायचा आणि घडीच्या खुर्चीत बसायचा. हीटर घुमायचा. दोघे भाऊ जागचे न हलता गाडी पळवायचे. पुलावरून, खाडीच्या कडेने, मक्याच्या रिकाम्या शेतांमधून सरळ उत्तरेला. लेलंड तोंडाने गिअर बदलायचा. कधी कधी दोघेही गप्प बसून समोरच्या चादरीकडे बघत राहायचे, आणि त्या शांततेत इंजिन चालू असायचं.

ईस्टरआधीचा उपासाचा काळ सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी ड्वेन पाँच्कींचा खोका घेऊन आला. डोनटसारख्या, जर्दाळूचा मुरंबा भरलेल्या, तळलेल्या, वर साखर भुरभुरलेल्या. लेलंडने एक उचलली आणि कोपऱ्यातलं तेलकट फडकं बाजूला केलं. खाली नवा क्रँक होता.

"अरे! आणलास पण?" ड्वेन म्हणाला. "मला न विचारता?"

"गाडीला कुठे लावलाय? जमिनीवर ठेवलाय. जमीन माझी आहे."

"वकील व्हायला हवा होतास लेका."

ड्वेनने वाकून क्रँकवर बोट फिरवलं. त्यालाही आवडला होता, ते दिसत होतं. मग पुढची बोलणी भराभर झाली. ब्लॉक खालच्या कडेला थोडा घासावा लागेल, नाहीतर लांब कोपरं आपटतील. चालेल. पिस्टन घडीव हवेत. हवेतच. ब्लोअरसाठी, म्हणजे त्या सुपरचार्जरच्या धुडासाठी, बॉनेटला भोक पाडायचं?

"भोक नाही," ड्वेन म्हणाला. "बाबा थडग्यातून उठून येतील."

"बरं, भोक नाही. बुटका ब्लोअर शोधू, बॉनेटखाली मावेल असा. आता कॅमशाफ्ट."

लेलंडचा आवाज इथे नेहमी मऊ व्हायचा. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे ठरवणारा हा दांडा. तो जितका दांडगा घ्याल तितकं इंजिन उभ्या जागी लंगडत गुरगुरतं. धड... धड धड... धड. जणू आता थांबेल, आता थांबेल, आणि थांबत नाही. आमच्याकडची निम्मी माणसं त्या आवाजासाठी इंजिन बांधतात आणि निम्मी माणसं कॅम एक नंबर मोठा घेऊन पस्तावतात. पुढच्या वेळी पुन्हा मोठाच घेतात.

"आवाज किती बदलेल?" ड्वेनने विचारलं.

"बदलेल? तीच गाडी आहे म्हणून कोणी ओळखणार नाही! एवढा खटाटोप कशासाठी चाललाय मग?"

ड्वेनने हातातली पाँच्की खोक्यात परत ठेवली. "मग नको," तो म्हणाला.

"काय नको? कॅम नको?"

"काहीच नको. इंजिन आहे तसं राहू दे."

"का पण?"

"बघू पुढे कधीतरी."

लेलंडचं डोकं फिरलं. तीन हिवाळे हा माणूस इथे बसून गाडी उडवत होता आणि आता कामाची वेळ आली तर शेपूट घालत होता. "बघू बघू करत बाबा गेले," तो म्हणाला. "ब्लोअर बसवतो म्हणायचे, बसवला का? तूही तसाच जाशील. भित्रा आहेस तू, ड्वेन, लहानपणापासून."

ड्वेन उठला. दारात जाऊन थांबला. "आईकडे गेला होतास का?"

"विषय बदलू नकोस."

"नाही ना गेलास," ड्वेन म्हणाला आणि गेला.

लेलंड आईकडे जात नसे. आयरीन कुबियाक नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात राहत होती. गेली दोन वर्षं तिच्या डोक्यातली माणसं एकेक करून निघून चालली होती. एका नाताळाला लेलंड कोट-टाय घालून, फुलं घेऊन गेला होता. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, हसली आणि म्हणाली, "हीटर दुरुस्त करायला आलात का? बरं झालं. रात्री फार गारठतं हो." त्याने खरंच हीटर बघितला, झडप सैल होती ती घट्ट केली, आणि ती "देव भलं करो तुमचं" म्हणाली. तेव्हापासून त्याचे पाय तिकडे वळत नव्हते. गुडघा दुखतो, रस्ते निसरडे आहेत, सर्दी झालीय, तिला लागायला नको. खरं कारण एकच होतं. ज्या बाईने आपल्याला जन्म दिला तिच्या मनात आपण कुठेच उरलो नसू, तर ते पुन्हा एकदा तिच्या तोंडून ऐकायची त्याची छाती नव्हती. त्यापेक्षा गॅरेजमधलं इंजिन बरं. ते अजून झालंच नव्हतं, त्यामुळे त्याला काही विसरण्याचा प्रश्न नव्हता.

मग वसंत आला. पाऊस असा लागला की गटारं वाहिली, रस्ते काळे झाले. शनिवारी लेलंडने शेव्हेलची चादर काढली, तिला गावातून एक लांब चक्कर मारून आणली, आणि घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की मोजमाप राहिलं. ड्वेन नाही म्हणाला होता खरा, पण नाही म्हणणाऱ्यांसमोर पक्की मापं ठेवली की ते वळतात, अशी लेलंडची समजूत होती. बॉनेटखाली जागा किती आहे हे बघायची आमची रीत अशी: मातकामाच्या मातीचा गोळा इंजिनाच्या डोक्यावर ठेवायचा, बॉनेट हळूच लावायचं, पुन्हा उघडायचं. गोळा जितका चेपला नाही तितकी जागा तुमची.

रविवारी चर्च आटोपून ड्वेन गाडी न्यायला आला तेव्हा लेलंड हातात गोळा घेऊन दारातच उभा होता.

"पाचच मिनिटं," तो म्हणाला.

ड्वेनने घड्याळ पाहिलं. त्याने नवा शर्ट घातला होता, केस ओले करून मागे वळवले होते. "मला उशीर होतोय. मोजायचंच असेल तर बस गाडीत. पोचल्यावर मोज."

"कुठे पोचल्यावर?"

"बस म्हटलं ना."

हिवाळ्यातल्या त्या भांडणानंतर दोघे भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा बोलत होते, म्हणजे बोलत नव्हतेच. खाडीवर दुरून बर्फाची शेवटची चकती पांढरी दिसत होती. काठावरच्या लव्हाळ्यांत सीगल ओरडत होते. उघड्या खिडकीतून ओल्या मातीचा वास येत होता आणि जुनं इंजिन आपल्याच नादात गुणगुणत होतं, एका लयीत, न अडखळता. लेलंडला पेंग येऊ लागली. लहानपणी मागच्या सीटवर याच आवाजाने येत असे तशीच.

गाडी थांबली तेव्हा तो दचकून जागा झाला. समोर वृद्धाश्रमाची विटांची भिंत होती.

"हे काय? मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर आला असतास?" ड्वेनने इंजिन बंद केलं नाही. "वर बघ. कोपऱ्यातली खिडकी."

खिडकीचा पडदा हलला. पांढऱ्या केसांची एक लहानखुरी बाई काचेला हात लावून खाली बघत होती. मग ती घाईघाईने आत गेली, आणि पुन्हा आली तेव्हा डोक्याला रुमाल बांधत होती.

"येतेय ती," ड्वेन म्हणाला. "अख्खा हिवाळा मी पिकअप घेऊन यायचो. खोलीत बसायचो, बोलायचो. मला ती 'साहेब' म्हणते. पण हा आवाज ऐकला की उठते. ओठांना लाली लावते, लेलंड. तिथल्या नर्सला सांगते, माझा नवरा आलाय."

लेलंडच्या हातातला मातीचा गोळा गरम झाला होता. आता त्याला सगळं कळलं. फेब्रुवारीतला तो नकार, ते बघू पुढे कधीतरी, सगळं. आपण कोणाला भित्रा म्हणालो हे आठवून त्याला शरम वाटली.

"आधी सांगायचं होतंस."

"तुझा एवढा जीव त्या इंजिनात. तुला कसं सांगणार?" ड्वेन उतरला. "तू चालव आज. मी त्या बाकावर बसतो. मागे कोणी बसलं की तिला खपत नाही. म्हणते, रविवार आपल्या दोघांचा, पोरांना घरी ठेव."

"मी नको. ती मला..."

"माहीत आहे. मलाही पहिल्यांदा अशीच भीती वाटली होती. जा."

नर्सने आईला दारातून आणलं. तिने आपला हात सोडवून घेतला, स्वतः पुढचं दार उघडलं, स्कर्ट आवरला आणि जन्मभर बसत आली त्याच सीटवर बसली. दार तिने जोरात लावलं, कारण त्या बाजूचं दार जोरात लावल्याशिवाय लागत नाही.

"उशीर केलास, चेट," ती म्हणाली. चेट म्हणजे बाबा.

लेलंडने गाडी हळूच रस्त्यावर घेतली. ती बोटांनी डॅशबोर्डवर ताल धरून होती. एका वळणावर त्याला राहवलं नाही.

"आई, मी लेलंड आहे."

तिची बोटं थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत भीती आली, अनोळखी माणसाच्या गाडीत चुकून बसलेल्या बाईची. तिचा हात दाराच्या मुठीकडे गेला. जे रोज मनात असायचं तेच लेलंडच्या तोंडातून निघालं.

"या गाडीला ब्लोअर बसवायचा म्हणतोय मी."

हात मुठीवरून खाली आला. "पुन्हा?" ती म्हणाली. "मागच्या हिवाळ्यातही म्हणाला होतास."

"या वेळी नक्की. क्रँकही बदलतोय. लांब कोपरांचा."

"मग ब्लॉक घासावा लागेल खालून."

"लागेल."

"बॉनेट कापणार असशील तर मी या गाडीत पाय ठेवणार नाही, आत्ताच सांगून ठेवते."

"नाही कापत. बुटका ब्लोअर बघतोय. हे बघ, मोजायला माती पण आणलीय."

तिने त्याच्या हातातून गोळा घेतला आणि मांडीवर ठेवून मळू लागली. आयरीन कुबियाकने उमेदीची सगळी वर्षं कारखान्यात कॅमशाफ्ट तपासण्यात घालवली होती, आणि तिच्या अंगठ्याने जे पास केलं त्याला कोणी परत हात लावत नसे. लेलंड हे विसरूनच गेला होता. मुलं आईबद्दल काय काय विसरतात याचा हिशेब कोणी मांडत नाही.

"आणि कॅम मोठा घेशील," ती म्हणाली.

"थोडासाच मोठा."

"झालं! गावातले सगळे पुरुष सारखेच मेले. अरे, ब्लोअर वरून हवा कोंबणार, आणि तुझा मोठा कॅम दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे ठेवणार. कोंबलेली सगळी मागच्या दाराने निघून जाईल. नुसता आवाज राहील. आवाज खायचाय का तुला?"

लेलंड मोठ्याने हसला, किती दिवसांनी. तीही हसली. खाडीचं पाणी आता अगदी रस्त्याला लागून चाललं होतं, उन्हात इतकं पांढरं की रस्ता कुठे संपतो ते कळत नव्हतं, आणि गाडी जणू त्या पांढऱ्यावरूनच चालली होती. ते इंजिन दोघांमध्ये होतं, अर्धं जोडलेलं. तो एक भाग लावायचा, ती तो काढून दुसरा लावायची. पिस्टन, पट्ट्याची चाकं, तेलाचा पंप. कधी तिचा धागा तुटायचा, ती बाहेर बघायची, आणि तो वाट बघायचा. मग ती परत यायची, बरोबर त्याच बोल्टपाशी.

"लेलंडला सांगितलंस का?" तिने एकदम विचारलं.

"कशाबद्दल?"

"इंजिनाबद्दल. एवढ्यात सांगू नकोस. झोपणार नाही तो पोरगा. शाळेत लक्ष नाही, ताटात लक्ष नाही, सगळं लक्ष गॅरेजात." ती मातीला लहान लहान चिमटे काढत होती. "पण इंजिन तयार झालं की पहिल्यांदा किल्ली त्याला फिरवू दे. ड्वेनला नाही. ड्वेन काय, हवं ते रडून मागून घेतो. लेलंड तोंड उघडून मागत नाही. आणि मागत नाही म्हणून आपण देत नाही, चेट. हे काही बरं करत नाही आपण."

लेलंडला समोरचा रस्ता दिसेना. त्याने गाडी कडेला घेतली.

"काय झालं? गरम झालं का इंजिन?"

"नाही. थोडं थांबूया."

"हल्ली दिसत नाही तो," ती म्हणाली. "बरा आहे ना?"

"बरा आहे."

"रुसलाय का माझ्यावर?"

"नाही गं," लेलंड म्हणाला. "तुझ्यावर कसा रुसेल? येईल तो."

"त्याला सांग, मी विचारत होते म्हणून."

"सांगतो."

तिने मान हलवली, खिडकीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. इंजिन चालू होतं. ते बंद करायचं लेलंडच्या मनातही आलं नाही.

परत आले तेव्हा ड्वेन बाकावरून उठून पुढे आला. आई उतरली, त्याला "धन्यवाद, साहेब" म्हणाली आणि नर्सचा हात धरून आत गेली. दोघे भाऊ गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"ऐक," लेलंड म्हणाला. "ती आहे तोवर या इंजिनाला हात लावायचा नाही."

"आणि तुझा बेत?"

"बेत चालूच राहील. पुढच्या रविवारी पट्ट्याच्या चाकाचं ठरवायचं आहे तिच्याबरोबर. मोठ्या कॅमचं तिने रद्द केलं."

ड्वेन हसला. मग भावाचा चेहरा नीट पाहून त्याने हसणं आवरलं. "तुला बाबाच समजली ना?"

"हो."

"वाईट वाटून घेऊ नकोस. मलाही तेच समजते."

"वाईट नाही वाटलं," लेलंड म्हणाला. त्याने गाडीच्या छतावर दोन्ही हात टेकले आणि वरच्या कोपऱ्यातल्या खिडकीकडे पाहिलं. "माझी चौकशी करत होती."